‘मनावर घेऊ नका’ म्हणजे नेमकं काय करा?

बारावीत मुलाचे गुण कमी पडले, साहेबांनी सगळ्यांदेखत चूक काढली, व्याह्यांच्या मानपानात काहीतरी राहिलं, जाऊबाई काहीबाही बोलल्या. कारण कुठलंही असो, आपल्याकडे त्यावर एकच औषध हातावर ठेवलं जातं: “एवढं मनावर घेऊ नका.” सांगणारा सांगून मोकळा होतो. तुम्ही मात्र रात्री दोन वाजता छताकडे बघत तेच बोलणं पुन्हा पुन्हा आठवत पडलेले असता. त्यात आता “मला साधं सोडूनही देता येत नाही” या नव्या दुःखाची भर पडलेली असते.

या सल्ल्याविषयी वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. मनावर घ्यायचं नाही तर घर कसं चालायचं? जबाबदारी टाकून द्यायची का? ज्यानं खरोखर अन्याय केलाय त्यालाही हसून सोडायचं का? आणि ठरवून मन हलकं होतं का? प्रश्न रास्त आहेत, कारण सल्ला अर्धाच दिला जातो. काय सोडायचं आणि काय घट्ट धरायचं, हे कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं असं आहे: काम हलक्यानं घेऊ नका. हलक्यानं घ्या तो त्या कामाचा निकाल, आणि त्या निकालावरून आपणच ठरवलेली आपली किंमत. आषाढीच्या वारीत दिवे घाट चढणारे वारकरी बघा. दिंडीचा क्रम, पहाटे निघण्याची वेळ, मुक्काम, नेम यांत कसूर होत नाही. त्याच वाटेवर फुगड्या होतात, रिंगण होतं, सत्तरीतले लोक पावली खेळतात, नाथांची भारुडं रंगतात. पंढरपूर गाठायचंय म्हणून कुणी तोंड पाडून चालत नाही, आणि फुगडी घातली म्हणून कुणाचा नेम मोडत नाही.

हे रोजच्या जगण्यात कसं आणायचं ते आता पायरीपायरीनं पाहू.

पहिलं काम: ओझ्याची वर्गवारी करा

एक कोरा कागद घ्या. सध्या जे जे छातीवर बसलंय ते लहानमोठं न बघता लिहून काढा. मोबाइलवर लिहू नका. तिथे लिहिता लिहिता दुसरंच काहीतरी समोर येतं. मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक अक्षर टाका.

- क (कृती): काहीतरी करायचं राहिलंय. तपासणी, अर्ज, फोन, हप्ता, माफी.
- ह (हक्क): कुणीतरी तुमच्याशी गैर वागतंय आणि ते थांबवण्याचा रस्ता आहे.
- न (निकाल): जे व्हायचं ते होऊन गेलंय, किंवा तुमच्या हातातलं करून झालंय. आता उरलाय तो फक्त “मी कमी पडलो”, “लोक काय म्हणतील”, “असं व्हायलाच नको होतं” हा विचार.

हलकं घेण्याचा सल्ला फक्त तिसऱ्या गटाला लागू आहे. बहुतेक घोटाळा होतो तो हे गट एकमेकांत मिसळल्यामुळे. स्तनात गाठ लागते, पण “मी उगाच फार विचार करते” म्हणून बाई सहा महिने दवाखान्यात जात नाही. हे ओझं क गटातलं आहे. त्यावर तपासणीखेरीज उतारा नाही. उलट, मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी वरातीत कोण रुसलं होतं ते आठवून रक्तदाब वाढतो. तिथे करण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

क गटातल्या प्रत्येक ओळीपुढे पुढची एकच पायरी आणि वार लिहा. ‘कर्जाचं बघायचं’ असं लिहून काही होत नाही. ‘मंगळवारी बँकेत जाऊन हप्त्यांची पुनर्रचना होईल का ते विचारणं’ असं लिहा. कागदावरचा निम्मा भार इथेच कमी झाल्यासारखा वाटतो, कारण रात्री मन ज्याची आठवण करून देत असतं ते बहुधा हेच राहिलेलं काम असतं.

दुसरं काम: निकालामागचा हट्ट ओळखा

तिसऱ्या गटासाठी माझ्या मते सगळ्यांत उपयोगी पद्धत अल्बर्ट एलिस यांची आहे. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं (१९१३–२००७) १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ‘आरईबीटी’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. मराठी वाचकांना ती अगदी परकी नाही. मुंबईतले मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली, एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीही अनेकांनी वाचलेली असेल.

एलिस सांगतात ते थोडक्यात असं: घटना त्रास देतेच, पण त्या घटनेविषयी आपण धरलेला हट्ट तो त्रास कितीतरी पटींनी वाढवतो. हे हट्ट तीनच जातींचे असतात:

1. स्वतःविषयी: मी प्रत्येक गोष्ट उत्तमच केली पाहिजे आणि सगळ्यांनी मला मानलंच पाहिजे.
2. इतरांविषयी: लोकांनी माझ्याशी नीटच वागलं पाहिजे.
3. परिस्थितीविषयी: आयुष्य माझ्यासाठी सुरळीतच चाललं पाहिजे.

तिन्हींत इच्छा वावगी नाही. चांगलं काम व्हावं, माणसांनी बरं वागावं, गाडी वेळेवर यावी असं कुणाला वाटणार नाही? इच्छेचं रूपांतर हुकुमात झालं की दुखणं सुरू होतं. जग आपला हुकूम मानत नाही, आणि मग मनात तीन वाक्यं येतात: “हे भयंकर झालं”, “मला हे सहन होणार नाही” आणि “मी (किंवा तो) अगदीच नालायक.” ही वाक्यं मनात आली की समजा, आपल्या हातात इच्छेऐवजी हट्ट आहे.

बेफिकिरी आणि हलकेपणा यांतला फरकही इथेच आहे. बेफिकीर माणूस इच्छाच सोडतो: “मुलगा नापास झाला तरी मला काय!” हलक्या मनाचा माणूस इच्छा ठेवतो, तिच्यासाठी मेहनत करतो आणि हुकूम तेवढा मागे घेतो: “त्यानं पास व्हावं असं मला फार वाटत होतं. नाही झाला. वाईट वाटतंय. आता पुढचं बघू.” वाईट वाटायचं राहत नाही. राहायलाही नको. दुःख, काळजी, पश्चात्ताप या भावना माणसाला कामाला लावतात. उन्मळून टाकतात त्या नैराश्य, भीतीचा कहर आणि स्वतःची घृणा.

वहीत उतरवा: एक पूर्ण उदाहरण

समजा, घरी मुलीचा साखरपुडा होता आणि शेवटच्या पंगतीला जेवण कमी पडलं. चार पाहुण्यांना नुसत्या वरणभातावर उठावं लागलं. महिना उलटला तरी घरच्या बाईंना झोप नाही, भिशीला जाणं बंद. त्यांनी वहीत असं मांडायचं:

- घटना: शेवटच्या पंगतीला पुऱ्या आणि श्रीखंड संपलं. (एवढंच. “आमची लाज गेली” ही घटना नाही, तो निष्कर्ष आहे. इथे फोटोत दिसेल तेवढंच लिहायचं.)
- मनातलं वाक्य: माझ्या घरच्या कार्यात काहीच उणं पडता कामा नये. पडलं, म्हणजे मी गृहिणी म्हणून फुकट.
- परिणाम: झोप उडाली, बाहेर जाणं टळलं, केटररवर आणि नवऱ्यावर चिडचिड.
- उलटतपासणी: उणं पडता कामा नये हा नियम कुठे लिहिलाय? मी दुसऱ्यांच्या घरी गेले आणि जेवण कमी पडलं तेव्हा त्या बाईला मी फुकट ठरवलं होतं का? जेवण संपणं वाईट आहे हे खरं. शंभरपैकी किती वाईट? घरात कुणी आजारी पडण्याला ऐंशी दिले तर याला किती उरतात? या विचारानं माझा काही फायदा होतोय का?
- नवं वाक्य: सगळं नीट व्हावं अशी माझी फार इच्छा होती. एक गोष्ट चुकली. ओशाळवाणं वाटलं, ते साहजिक आहे. एका पंगतीवरून माझी किंमत ठरत नाही.
- कृती: त्या चार जणांना एकदा घरी जेवायला बोलवायचं. लग्नाच्या वेळी केटररला पानांचा आकडा दहा टक्के वाढवून द्यायचा. येत्या भिशीला जायचं.

उलटतपासणीतला शंभरपैकी किती हा प्रश्न सोडू नका. पहिल्यांदा मन हट्टानं नव्वद म्हणेल. मग त्याच पट्टीवर इतर गोष्टी मांडायला लागा: पाय मोडणं, नोकरी जाणं, घरातलं माणूस जाणं. आकडा आपोआप खाली येतो. दुसऱ्याच्या दुःखाशी आपलं दुःख ताडून त्याला गप्प करणं असा याचा अर्थ घेऊ नका. पट्टी तुमची, आकडे तुमचे, आणि जो त्रास उरेल तो पूर्ण खरा.

“पटतं, पण उतरत नाही” असं झालं तर

ही तक्रार हमखास येते. वहीत लिहिताना पटतं, रात्री परत तेच. याचं कारण साधं आहे: जुनं वाक्य तुम्ही चाळीस वर्षं घोकलंय, नवं आठवडाभर. एलिस यांचा आग्रह होता की नवं वाक्य पुटपुटायचं नाही, जोर लावून, मोठ्यानं म्हणायचं. आणि म्हणून थांबायचं नाही, त्याला साजेशी कृती करायची. आणखी दोन गोष्टी करून बघा:

- स्वतःशी नाव घेऊन बोला. “मी आता काय करू?” असं विचारण्याऐवजी “सुनंदा, तुझ्या बहिणीनं हेच सांगितलं असतं तर तू तिला काय म्हणाली असतीस?” असं विचारा. ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत असं नावानं बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी सावरणं सोपं गेल्याचं दिसलं. आपल्याला यात नवल वाटायला नको. अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालून स्वतःलाच ऐकवण्याची सवय आपल्या संतांना होतीच.
- हट्टाला चाल लावा. एलिस लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर अशा हट्टांची गमतीदार गाणी रचून लोकांना म्हणायला देत. केशवकुमार या नावानं आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली त्या भाषेत हे जड जाऊ नये. ‘माझ्या घरी कधीच काही उणे पडता नये’ हे वाक्य एखाद्या ओळखीच्या चालीवर, न्हाणीघरात का होईना, गाऊन बघा. त्यातला हुकूमशहा आपल्यालाच दिसतो. आपली चेष्टा होत नाही, आपल्या हट्टाची होते.

लोक बघतात, पण तुम्हाला वाटतं तितके नाही

आपल्याकडच्या हट्टांपैकी मोठा हिस्सा ‘लोक काय म्हणतील’ या एका प्रश्नाचा असतो. यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना इतर मुलांच्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांनी तुमचा शर्ट पाहिला असेल? त्यांचा अंदाज जवळजवळ निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात ज्यांच्या लक्षात आलं ते पाव हिस्साही नव्हते. बाकीचे आपापल्या शर्टाच्या काळजीत असणार.

हे वाचून पटण्यातलं नाही, करून बघण्यातलं आहे. एकोणिसाव्या वर्षी एलिस स्वतः मुलींशी बोलायला प्रचंड घाबरत. त्यांनी ठरवलं: न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की बोलायचंच. शंभरेक जणींशी ते बोलले. भेटायला यायचं एकीनं कबूल केलं, तीही आली नाही. हिशोबानं सगळा प्रयोग फसला, पण नकाराची भीती गेली, कारण नकार मिळूनही काहीच कोसळत नाही हे त्यांनी महिनाभर डोळ्यांनी पाहिलं. पुढे त्यांनी लाजेवर चाल करून जाण्याचा व्यायामच तयार केला.

तुम्ही करून बघण्यासारखे काही सोपे प्रकार:

- बसमध्ये किंवा लोकलमध्ये पुढच्या थांब्याचं नाव मोठ्यानं पुकारा.
- सोसायटीच्या बैठकीत जे समजलं नाही ते “मला कळलं नाही” असं म्हणून विचारा.
- पाहुणे येणार असताना दिवाणखान्यातला एक पसारा मुद्दाम तसाच ठेवा.
- भजनात बसा आणि आवाज न चोरता गा.
- फॅमिली ग्रुपवर शुद्धलेखन न तपासता एक निरोप पाठवा.

पथ्यं दोन: दुसऱ्या कुणाला त्रास, भीती किंवा खर्च होईल असं काही करायचं नाही, आणि नोकरी किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असं काही करायचं नाही. सुरुवातीला छातीत धडधडेल. ती ओसरेपर्यंत तिथेच थांबा, पळून आलात तर भीती आणखी पक्की होते.

चिंतेला वेळ नेमून द्या

“विचार करू नकोस” असं मनाला सांगितलं की ते नेमका तोच विचार करतं. त्याऐवजी टाळाटाळ करा. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली ही रीत आजही वापरली जाते:

1. दिवसातली एक वेळ आणि एक जागा ठरवा. अर्धा तास पुरे. अंथरूण ही जागा नको आणि झोपण्याआधीचा तासही नको.
2. दिवसभरात चिंता आली की एका ओळीत टिपा आणि “साडेसहाला बघू” असं स्वतःला सांगून हातातल्या कामाकडे वळा.
3. साडेसहाला बसा आणि यादीतल्या प्रत्येक ओळीचा मन लावून विचार करा. पुन्हा क, ह, न ही अक्षरं टाका.
4. अर्धा तास झाला की उठा. राहिलेलं उद्या.

यादीतल्या कितीतरी ओळी साडेसहापर्यंत शिळ्या झालेल्या असतात. पहिले काही दिवस हे जमत नाही, मन ऐकत नाही. तरी दोन-तीन आठवडे चालवा.

विनोद करा, पण कसा?

हास्यक्लबांचं मूळ मुंबईतलंच: डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५मध्ये एका बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली. सकाळची हवा, हालचाल आणि सोबत यांचा फायदा होतोच. फक्त तिथून घरी आल्यावर हट्ट जिथल्या तिथे असतो, म्हणून वहीचं काम वेगळं करावंच लागतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या. दोन पोषक: चारचौघांत आनंद वाटणारा विनोद, आणि एकटं असतानाही परिस्थितीतली गंमत बघणारा विनोद. दोन घातक: दुसऱ्याला टोचणारा, आणि इतरांनी हसावं म्हणून स्वतःला सतत खाली पाडणारा. चौथ्या प्रकाराकडे लक्ष द्या. “आपण काय, बिनकामाचे!” असं म्हणत सगळ्यांना हसवणारा माणूस खेळकर वाटतो, पण अशा विनोदाचा संबंध नैराश्याशी आढळलाय. आपली चूक सांगून हसा. आपल्या जिवाला तुच्छ ठरवून हसवू नका.

“संकटात असलेल्यानं हसायचं कसं?” असंही विचारलं जातं. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिक्टर फ्रँकल यांनी लिहून ठेवलंय की छावणीत कामावर शेजारी असलेल्या मित्राबरोबर त्यांनी एक करार केला होता: सुटकेनंतर काय घडेल याची रोज किमान एक मजेदार गोष्ट एकमेकांना रचून सांगायची. यानं भूक भागली नाही, पहारेही उठले नाहीत. काही क्षण मात्र मनाला त्या छावणीच्या वर उठता आलं. पण ही गोष्ट दुसऱ्याच्या संकटाकडे बोट दाखवून सांगू नका. हसायचं की नाही, हे ज्याच्यावर बेतलंय त्यानं ठरवायचं.

इथे मुळीच हलकं घेऊ नका

आता तो दुसरा गट, हक्कांचा. “तू फार मनावर घेतेस”, “गंमत केली रे” ही वाक्यं पुष्कळदा ज्याचं वागणं चुकलंय त्याच्याच तोंडून येतात. आपल्यावर होणारा जुलूम हसून सोसण्याला मी हलकेपणा म्हणणार नाही. पुढच्या गोष्टींत रस्ता कायद्यानं दिलेला आहे:

- घरातला छळ: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५च्या कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून हिणवणं त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलंय. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. महिलांसाठी मदतक्रमांक १८१, तातडीच्या धोक्यात ११२.
- कामाच्या जागी लैंगिक स्वरूपाची ‘गंमत’: २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिथे सोय नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.
- कर्जवसुलीचा जाच: रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. कॉल आणि संदेश जपून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.
- ज्येष्ठांची हेळसांड: २००७च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. ज्येष्ठांसाठी मदतक्रमांक १४५६७.
- रॅगिंग: मुलगा “सगळेच करतात” म्हणाला तरी विचारपूस करा. मदतक्रमांक १८००-१८०-५५२२.

तक्रार पूर्ण गांभीर्यानं करा: तारखा, पुरावे, साक्षीदार, पोच. ती दिल्यावर तिचा निकाल कधी आणि कसा लागेल हे तुमच्या हातात नाही. त्यामुळे तिथून पुढची रात्र वहीतल्या तिसऱ्या गटाची.

मन हलकं होतच नसेल तर

जवळजवळ दिवसभर उदासी, किंवा ज्यात गोडी होती त्यातली गोडी जाणं, आणि त्याबरोबर झोप, भूक, लक्ष, ताकद यांत बिघाड, हे दोन आठवडे किंवा अधिक टिकलं तर तो आजार असू शकतो. त्याला वह्या आणि विनोद पुरत नाहीत. इथे “सकारात्मक राहा” म्हणणाऱ्यांचं ऐकत दिवस घालवू नका. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

- फोनवर: केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. बोलताना शब्द सापडत नसतील तर “मला झोप लागत नाही, नको ते विचार येतात” एवढ्यानंही सुरुवात होते.
- प्रत्यक्ष: जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची संस्था आहे. ठाण्यातली डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही स्वयंसेवी क्षेत्रातली जुनी संस्था.
- कुणाकडे जायचं: औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. अनेकांना दोन्ही लागतं. त्यांची पात्रता विचारायला संकोच नको.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (२९ मे २०१८पासून लागू) तुम्हाला काही हक्क देतो. सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा, तुमची माहिती गुप्त राहण्याचा, आणि पुढे आजार बळावला तर कसे उपचार हवेत किंवा नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखीच वागणूक द्यायची आहे. पॉलिसी घेताना आणि दावा फेटाळला गेला तर हे लक्षात ठेवा. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं हा कायदा गृहीत धरतो, आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य मानतो. पोलिसांच्या भीतीनं अशा माणसाला दवाखान्यात नेणं टाळू नका.

घरातल्या दुसऱ्या कुणासाठी

हे वाचून तुम्हाला घरातलं एखादं माणूस आठवलं असेल. त्याला “मनावर घेऊ नकोस” म्हणू नका. आजवर पुष्कळांनी म्हटलंय. त्याऐवजी आधी ऐका, मग “यात आपण काही करू शकतो का?” असं एकदाच विचारा. उत्तर हो असेल तर बरोबर जा. नाही असेल तर उलटतपासणी त्याच्यावर लादू नका. ती ज्याची त्यानं करायची असते. दुसऱ्यानं केली की तिचा वादच होतो.

मुलांच्या बाबतीत मात्र थोडी तयारी आधी लागते. दहावी-बारावीच्या निकालाच्या आदल्या दिवशीच मुलाला स्पष्ट सांगा की गुण काहीही आले तरी संध्याकाळचं जेवण सगळे बरोबर करणार, आणि त्या दिवशी कुणाच्या मुलाशी तुलना होणार नाही. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, त्याच्या हातात देऊ नका. गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन आणि त्याच वर्षी होणारी पुरवणी परीक्षा, या चारही गोष्टींच्या मुदती मंडळाच्या संकेतस्थळावर बघून वहीत क गटात टिपून ठेवा. त्या मुदती थोड्या दिवसांच्या असतात आणि रडण्या-रुसण्यात निघून जातात.